भिंगरीच्या नोंदी

माझ्या डोळ्यांना पसारा सहन होतो, हातांना होत नाही. कुणाकडे गेले आणि दाराशी बूट-चपला वेड्यावाकड्या पडलेल्या दिसल्या, की आत पाऊल टाकण्याआधी मी वाकते आणि एकेक जोड सरकवून भिंतीशी नीट लावते. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ताई आली की घराला शिस्त लागते आणि माणसांना धडकी भरते. त्याची बायको एरवी मला ताई म्हणते, पण मी तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांना हात घातला की मुद्दाम 'वन्सं' म्हणते. मी दोघांकडेही लक्ष देत नाही. एका विमा कंपनीत कुठली फाईल संगणकावर कुठे ठेवायची आणि तिला काय नाव द्यायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. बाहेर ज्याला मान मिळतो त्याचीच घरी चेष्टा होते, त्याला माझा इलाज नाही.

दर शनिवारी मी त्यांच्याकडे जाते ती भिंगरीसाठी. भिंगरी ही त्यांची मुलगी, सात वर्षांची. मी तिची आत्या. ती स्वतःभोवती गोल गोल फिरते, कितीही फिरली तरी तिला चक्कर येत नाही, म्हणून हे नाव पडलं. ती बोलत नाही. कधी बोललीच नाही. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नावं दिली, प्रत्येकाने वेगळं, आणि शेवटी सगळ्यांनी वाट बघा असंच सांगितलं. ती माणसांच्या तोंडाकडे बघत नाही, हाक मारली तर वळत नाही. मी नेलेल्या खेळण्याचा खोका तिला आवडतो, खेळणं कोपऱ्यात पडून राहतं. मी हसत हसत म्हणायचे, हिला मी आणि कोट अडकवायची खुंटी सारखीच. सगळे हसायचे. परतताना बसमध्ये मात्र ते मला लागायचं. मला मूलबाळ नाही, आणि जगात मला कुणाचं वेड असेल तर ते या पोरीचं.

गेल्या महिन्यात तिचं नाव एका केंद्रात घातलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे दोन वर्ग आहेत. एका वर्गात मुलांना चित्रांच्या पाटीवरून बोलायला शिकवतात. मूल चित्रावर बोट ठेवतं आणि पाटी तो शब्द उच्चारते. दुसऱ्या वर्गात मुलांना सांभाळतात. मायेने सांभाळतात, खाऊ-पिऊ घालतात, पण त्या वर्गातून पहिल्या वर्गात गेलेलं एकही मूल माझ्या भावजयीला चौकशी करूनही सापडलं नाही. पहिल्या भेटीत भिंगरी अर्धा तास छताच्या पंख्याकडे बघत बसली होती. तेव्हा केंद्रातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं. बोलक्या वर्गातल्या जागा थोड्या आहेत. आपण काही केलं की समोरच्याला काही कळतं, एवढं तरी मुलाला उमगलेलं असावं लागतं. ती घरी आपणहून काही सांगते का? काहीही चालेल. सांगत असेल तर मला वाचता येईल अशा रूपात सोमवारी घेऊन या, नाहीतर दुसरा वर्ग आहेच.

भावाने फोनवर मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाला की त्याच्याकडे नोंदी आहेत. भिंगरी वर्षाची झाली तेव्हापासून तो फोनवर लिहितोय. फक्त त्या कुणाला दाखवण्यासारख्या नाहीत. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. त्या घरात माझा उपयोग होईल असं काहीतरी अखेर निघालं होतं.

शनिवारी सकाळी पोचले, दारातले बूट सरळ केले आणि मागच्या खोलीत त्याच्या संगणकापुढे बसले. त्याच्या फोनवरच्या नोंदी तिथेही दिसत होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला. शेकडो नोंदी, एकाखाली एक, ना फोल्डर ना खूण. मधेच दूध-अंडी-साबणाची यादी, मधेच नळदुरुस्तीवाल्याचा नंबर, मधेच कुठल्यातरी कुलपाचा आकडा. आणि भिंगरीच्या नोंदींची नावं तर विचारूच नका. 'ऊं, लांब, नाकातून'. 'टक टक, जिभेने, कोरडं'. 'घस-टप, तळव्याने, जमिनीवर'. अशीच सगळी.

भाऊ ध्वनिमुद्रक आहे. सिनेमातली दारं, पावलं, भांडी, वारा यांचे आवाज तो गोळा करतो. त्याने मला समजावून सांगितलं की त्यांच्या धंद्यात नुसतं 'दार' असं नाव दिलं की ते दार कायमचं हरवतं, कारण दारं शेकडो असतात. म्हणून जे ऐकू येतं तेच नाव द्यायचं. 'लाकडी, जड, शेवटी किर्र'. ते दार कुणाचं, कधीचं, हे खाली लिहायचं. भिंगरीबद्दल लिहितानाही हात आपोआप तसाच चालला. घरी तो रेकॉर्डर मात्र बाहेर काढत नाही. एकदा त्याने तिच्यापुढे माईक धरला होता तेव्हा बायको म्हणाली होती की ती पोरगी आहे, दार नव्हे.

मी विचारलं, कधी परत वाचल्यास का या? तो नाही म्हणाला. लिहिलं की त्या दिवसापुरतं बरं वाटायचं, एवढंच.

मी त्या तिघांना बागेत पिटाळलं आणि पदर खोचला. कशालाही हात लावायच्या आधी आहे तशी प्रत बाजूला काढून ठेवायची, ही माझी नोकरीतली सवय, ती इथेही पाळली. मग फोल्डर केले. जेवण, झोप, आजारपण, हट्ट, प्रगती. प्रत्येक नोंदीचं ते आवाजी नाव काढून टाकलं आणि तारीख नि विषय घातला. नोंद वरवर वाचायची, कुठे जाते ते ठरवायचं, टाकायची, पुढची घ्यायची. या कामाचा मला हात आहे. ते बागेतून आले, जेवले, भिंगरी दुपारची झोपून उठली, तरी मी खुर्चीवरच होते. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा सगळ्या नोंदी आपापल्या जागी गेल्या होत्या. इतकं सुंदर दिसत होतं ते, की मी चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं.

भाऊ आला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि सगळ्यात आधी त्याने 'प्रगती' उघडलं.

आत जेमतेम एका पानाच्या नोंदी होत्या. चमचा धरला. मोजा स्वतः काढला. दिव्याचं बटण दाबलं. बस. 'हट्ट' मात्र दुथडी भरून वाहत होतं. तो बराच वेळ ते वरखाली करत राहिला.

"सहा वर्षांचं एवढंच निघालं?" तो म्हणाला.

मी म्हटलं की जे आहे ते आहे, मी काही पदरचं घालू शकत नाही. मग त्याने विचारलं की त्याने दिलेली नावं कुठे गेली. मी म्हटलं, ती नावं कुठे होती, तो नुसता गोंगाट होता. केंद्रातल्या बाई 'घस-टप' वाचून काय समजणार?

माझा भाऊ आवाज चढवत नाही. त्याचं पोटच शांततेवर चालतं. त्याने खुर्ची जराही न वाजवता मागे सरकवली आणि म्हणाला, "ताई, मला तिचं काही कळत नव्हतं. पण ऐकू तरी येत होतं. तेवढंच माझ्याजवळ होतं." आणि तो बाहेर भिंगरीजवळ जाऊन बसला.

भावजय औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घ्यायची तिला सवय आहे. तिने मला कॉफी आणून दिली आणि म्हणाली की तो थकलाय, मनावर घेऊ नका. मी अर्थातच मनावर घेतलं. एवढा दिवस घालवून वर हे ऐकायचं. तिथेच दिवाणावर झोपले ती फुगूनच.

रविवारी सकाळी उठले तरी राग नाकावर होताच. मनात म्हटलं, घे बाबा तुझी नावं. बाजूला ठेवलेली जुनी प्रत उघडली. त्यातल्या किराणाच्या याद्या आणि फोन नंबर आधी वेगळे काढावेत, म्हणून सगळ्या नोंदी नावाप्रमाणे लावायला सांगितल्या. एक टिचकी. हे कुणालाही सुचलं असतं, पण आजवर त्या फक्त तारखेप्रमाणे पडून होत्या आणि आदल्या दिवशी मी आधी नावंच पुसली होती.

यादी हलली आणि एकसारखी नावं एकमेकांखाली येऊन बसली. पडदा 'ऊं'नी भरला. पुढच्या पानावरही 'ऊं'च, त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, एकच नोंद चुकून पुन्हा पुन्हा उतरलीय. खात्री करायला मी वाचायला घेतलं.

'ऊं, लांब, नाकातून. आंघोळ. टबमधून बाहेर येईना.'

'ऊं, लांब, नाकातून. बसथांब्यावर. एकदम सुरू झाली. कारण काही नाही. जरा वेळाने रस्ता धुणारी गाडी वळणावरून आली.'

'ऊं, लांब. दवाखान्यात. सगळे बघायला लागले. शेवटी माशांच्या पेटीपाशी नेलं तेव्हा गप्प झाली.'

'ऊं, लांब, नाकातून. कुंड्यांना पाणी घालताना.'

'ऊं, लांब. रिकामा पेला घेऊन घरभर फिरतेय.'

यातल्या दवाखान्याच्या नोंदीला मी आदल्या दिवशी 'हट्ट' म्हटलं होतं, पेल्याच्याही. आंघोळ 'झोप'मध्ये गेली होती, कारण खाली झोपेबद्दल एक ओळ होती. बसथांबा कुठेच बसेना म्हणून 'आजारपणा'त ढकलला होता. पाच फोल्डरांत मी त्या अशा विखरून टाकल्या होत्या की ब्रह्मदेवाला सापडल्या नसत्या. आणि इथे त्या शेजारी शेजारी बसून सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगत होत्या.

 मी खुर्चीतूनच हाक मारली. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, ती दोघं धावतच आली.

मी काही समजावलं नाही. नुसतं वाचत गेले. आंघोळीचा 'ऊं' त्यांना ठाऊक होता. तिला आंघोळ आवडते, म्हणून करते, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बाकीचे वेगवेगळ्या वर्षांतले होते, वेगवेगळ्या जागचे, कधी बापाने ऐकलेले तर कधी आईने सांगितल्यावर त्याने लिहिलेले, आणि तिथेच राहून गेलेले. माशांच्या पेटीची नोंद वाचली तेव्हा भावजय दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग मी पुढची नोंद वाचली आणि वाचताना कळलं की ती मोठ्याने वाचायला नको होती.

'ऊं, लांब, नाकातून. हिची आई स्वयंपाकघरात रडत होती. ही जाऊन तिच्या गालाला नाक लावून उभी. ओढलं तरी हटेना.'

"पाणी," भावजय म्हणाली. तिने गालाला हात लावला. "ती पाणी म्हणत होती."

 बाहेरच्या खोलीत भिंगरीची पावलं गोल गोल फिरत होती. आम्ही तिघं शहाणी माणसं सहा वर्षं त्या घरात वावरत होतो, ती एकदा तरी तोंड उघडेल म्हणून कान लावून बसलो होतो. आणि ती बोलत होती. बसथांब्यावर सगळ्यांच्या आधी तिला ते पाणी ऐकू आलं होतं, आणि तिने ते आपल्या बापाला सांगितलं होतं.

मग आम्ही थांबलो नाही. भाऊ माझ्याशेजारी स्टूल ओढून बसला. 'टक टक, जिभेने' हा पुढचा मोठा गठ्ठा होता. आईने बूट घातले, टक टक. कपातलं दूध तळाशी आलं, टक टक. मेणबत्ती विझताना. गाण्याच्या शेवटच्या ओळीला, गाणं संपायच्या जरा आधी. खिडकीत बसून, समोरचं झाड तोडत होते तेव्हा. भाऊ वाचता वाचता हळू झाला. संपतंय. जातंय. आम्ही ज्याला दहा निरनिराळे शब्द वापरतो त्याला तिने एकच शब्द केला होता, आणि तो चुकीचा आहे असं मला कुठूनही म्हणता येईना.

त्या गठ्ठ्यात एक नोंद आमच्या वडिलांची होती. 'टक टक, जिभेने, अगदी हलकं. बाबांना नेलं त्या दिवशी. पलंगाखाली बसून दुपारभर. बरं झालं, हिला काही कळत नाही.'

भावाने ती दोनदा वाचली. मग त्याने चष्मा काढला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणानंतर मी तसं कधी केलं नव्हतं.

सगळंच जुळलं असं नाही. कितीतरी नोंदी कुठेच बसेनात. एक 'फुर्र' असा आवाज होता, त्याचा अर्थ आजही आम्हाला लागलेला नाही. पण मधेच अशी नावं लागली की ती बघून मी जागच्या जागी ताठ झाले. 'ऊं, मग टक टक.' दोन्ही एकापाठोपाठ. एक होती पहाटेची. भिंगरी नळाशी उभी राहून करत होती, बापाने वैतागून नळ सोडून दाखवला तर पाणी गेलेलं होतं. तिला आधीच कळलं होतं. दुसरी नोंद मी मनात वाचली आणि भावजयीकडे संगणक वळवला. 'ऊं, मग टक टक. आईने डोळे पुसल्यावर.'

पाणी, गेलं. हे वाक्य होतं. ती नुसते शब्द बोलत नव्हती, वाक्यं बोलत होती. मी आयुष्यभर कागद लावले, चांगले लावले, पण लावलेल्या कागदांतून असं काही माझ्यापुढे उठून उभं राहिलं नव्हतं. मला त्या पोरीची जवळजवळ भीती वाटली, देवळात उंच छताखाली गेल्यावर वाटते तशी.

भाऊ उठला आणि बाहेरच्या खोलीत गेला. आम्ही दारातून बघत राहिलो. तो भिंगरीसमोर जमिनीवर बसला आणि नाकातून लांब 'ऊं' केलं, तिच्यासारखंच, अगदी त्याच पट्टीत. त्याचे कानच तसले. भिंगरी फिरता फिरता थांबली. तिने वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. तो उठून स्वयंपाकघरात गेला, तर ती त्याच्या मागोमाग गेली, नळापाशी उभी राहिली आणि हात ओला करून घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी कुणीतरी तिच्या भाषेत बोललं होतं.

परत येऊन बसलो तेव्हा एक गठ्ठा राहिला होता. 'घस-टप, तळव्याने, जमिनीवर'. हा मोठा होता, पण मला काही लागेना. दाराजवळ बसून, सकाळी, बराच वेळ. खोक्यात बसून. बागेत बाकावर, काही कारण नसताना. भाऊ म्हणाला, खेळ असेल. मी म्हटलं, काहीतरी पुसण्याचं असेल, झाडू-पोछा वगैरे.

भावजय माझ्याकडे बघत होती. ती बाहेरच्या दाराशी गेली. तिथून आवाज आला. घस, आणि मग भिंतीला लागून टप. घस, टप. ती तिथूनच म्हणाली, "ताई, इकडे या."

ती वाकून बूट भिंतीशी लावत होती. मी लावते तसे, एकेक जोड सरकवून.

"हे तुम्ही आहात," ती म्हणाली.

मी हसून उडवून लावायला गेले, पण भावाने तोवर पुढच्या नोंदी काढल्या होत्या आणि आतून वाचत होता. 'घस-टप. फोन वाजला तेव्हा. ताईचा होता.' 'घस-टप. शनिवार, उठल्याबरोबर, दाराकडे तोंड करून.' 'घस-टप, मग टक टक. ताई गेल्यावर. दार लावलं तरी चालूच. जेवली नाही.' खोक्यात बसून म्हणजे मी आणलेल्या खोक्यात बसून. मी तिथेच बुटांच्या ओळीशेजारी खाली बसले.  मला वाटत होतं या घरात मी खुंटी आहे. त्या पोरीने माझं नाव ठेवलं होतं, आणि माझ्या हातांच्या ज्या खोडीला सगळे हसतात नेमकी तीच उचलून ठेवलं होतं. मी खूप रडले. भिंगरी आली, माझ्या गालापाशी नाक नेलं आणि लांब 'ऊं' केलं. आम्ही तिघंही रडता रडता हसलो.

मला तिच्यासमोर जमिनीवर तळवा घासून बघायचा फार मोह झाला. पण धीर झाला नाही. न जाणो, उत्तर आलं नाही तर.

सोमवारी आम्ही तीन पानं नेली. प्रत्येक आवाजापुढे त्याचा अर्थ आणि त्याच्या नोंदी, आणि जे आम्हाला लागलं नाही ते शेवटी, लागलं नाही असं म्हणून. केंद्रातल्या बाईंनी सगळं नीट वाचलं. मग म्हणाल्या की मांडणी छान आहे, पण आईबापांना जे हवं असतं ते त्यांना ऐकू येतं, हे त्या रोज बघतात. त्यांना स्वतः ऐकायचं होतं.

खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि तोच पंखा. भिंगरी खुर्चीत बसली आणि मान वर करून बसूनच राहिली. बाईंनी पाण्याचा पेला ठेवला. तिने बघितलंही नाही. बाईंनी पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतलं. काही नाही. भावाने 'ऊं' करायला तोंड उघडलं तर बाईंनी हाताने थांबवलं, तुम्ही शिकवायचं नाही.  तीन पानं टेबलावर पडून होती आणि आता ती नुसती तीन पानं वाटत होती. बाई चिडल्या नव्हत्या, उलट त्यांचा चेहरा मऊ झाला होता, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. त्या म्हणाल्या की खोलीत माणसं जास्त झालीत, एकाने बाहेर जावं. आईबापांना कोण बाहेर काढणार? मी उठले, पर्स घेतली आणि बाहेर गेले. दार लोटून घेतलं, ते पूर्ण बसलं नाही.

बाहेरच्या बोळात मुलांच्या बुटांची रांग होती. रांग कसली, ढीगच. एक उलटा, एक आडवा, एक दुसऱ्याच्या पोटात. माझे हात शिवशिवायला लागले. मी ते घट्ट बांधून भिंतीला टेकून उभी राहिले. इथे माझ्या हातून आवाज झाला तर तो माझा आवाज होईल, तिचा नाही. आत पंखा फिरत होता. बाई हळू आवाजात भावजयीला दुसऱ्या वर्गाच्या वेळा सांगत होत्या.

मग त्या बोलायच्या थांबल्या.

लाकडी टेबलावर तळवा घासल्याचा आवाज आला. घस. मग टप.  घस, टप. जरा वेळ गेला, मला तर ते युग वाटलं, आणि मग जिभेने, कोरडं, स्पष्ट. टक टक.

आत कागदाची पानं उलटल्याचं ऐकू आलं. पुन्हा तेच. घस-टप. टक टक. आता जास्त जोरात, न ऐकणाऱ्याला समजावल्यासारखं.

दार उघडलं. बाईंच्या हातात आमचं तिसरं पान होतं आणि बोट एका ओळीवर. त्यांनी ती ओळ बघितली, मला बघितलं, माझे बांधलेले हात बघितले. 

"आत या," त्या म्हणाल्या. "तिला वाटतंय तुम्ही गेलात."

मी आत जाताना त्या माझ्या मागून म्हणाल्या की बोलका वर्ग बुधवारी सुरू होतो. पाटीवर लावायला माझा एक फोटो लागेल, तेवढा विसरू नका. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता, भावजयीने त्याचा हात धरला होता. मी भिंगरीच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पंख्याकडेच बघत होती. तळवा तेवढा टेबलावर होता. तो हलला. घस, टप.

यावेळी मागून टक टक आलं नाही.